हिवाळ्यात एक दिवस खाडीवर पक्षी बघायला: शिवडी, ऐरोली, भांडुप की उरण?

चाफा_दादर | २० जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे. नोव्हेंबरात पक्षी सप्ताहाला शाळेत सलीम अलींवर तक्ता केला आणि तेव्हापासून तिने घर डोक्यावर घेतलंय की मला खरे पक्षी दाखवा, झाडावरचे नाही, पाण्यातले. फ्लेमिंगो दिसलेच पाहिजेत, ही तिची अट. सोबत सासरे येणार. एकाहत्तरीचे आहेत, चालायला खणखणीत, पण चिखलात किंवा बांधावरून कसरत करत नेणं नको वाटतं.

गाडी नाही, लोकलने जाऊ. हातात एक अख्खा रविवार आहे, येता किंवा त्याच्या पुढचा. चार नावं कानावर आली आहेत: शिवडी, ऐरोली, भांडुप पंपिंग स्टेशन आणि उरण. यातलं कुठलं? किती वाजता पोचावं? दुर्बीण विकत घ्यावी का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

---

मुलुंडकर | २० जानेवारी, रात्री ९:४०

ऐरोली. डोळे झाकून ऐरोली. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथे. बोटीत बसवून थेट खाडीत नेतात, लाइफ जॅकेट देतात, बरोबर माहिती सांगणारा माणूस असतो. आजोबांना चालायला लागत नाही, पोरीला फ्लेमिंगो जवळून दिसतात. केंद्रात खाडीतल्या जिवांचं प्रदर्शनही छान आहे. बुकिंग मात्र आधी करा, रविवारी आयत्या वेळी गेलात तर जागा मिळणार नाही.

---

निशिगंध | २० जानेवारी, रात्री ९:५८

ऐरोलीला +१. आणखी एक कारण: तिथे स्वच्छतागृह आहे. पक्ष्यांच्या धाग्यावर हे कोणी लिहीत नाही, पण घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं दिवसभर बाहेर असली की पहिला प्रश्न हाच असतो. शिवडीला रेल्वे स्टेशनवरच उरकून घ्या, पुढे धक्क्याकडे काही नाही. उरणला पाणज्याच्या पाणथळीच्या बाजूला तर अजिबातच नाही.

---

शेकाट्या | २० जानेवारी, रात्री ११:२५

चाफाताई, जागा नंतर ठरवा. आधी भरतीची वेळ बघा. खाडीवरून रिकाम्या हाताने परत आलेल्या बहुतेक लोकांची गोष्ट एकच असते: सकाळी लवकर उठून धक्क्यावर पोचले, समोर मैलभर चिखल, आणि क्षितिजावर एक फिकट गुलाबी रेघ. ती रेघ म्हणजे फ्लेमिंगो. पक्षी आले होते, माणसं चुकीच्या तासाला गेली होती.

जंगलातल्या पक्ष्यांचं घड्याळ सूर्याचं, खाडीतल्या पक्ष्यांचं पाण्याचं. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने आत आत सरकत जातात, कारण ताज्या ओल्या चिखलात खाणं वर असतं. पूर्ण ओहोटीला ते तुमच्यापासून सगळ्यात लांब. भरती चढायला लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं. शिवडीला पूर्ण भरतीच्या साधारण तीन ते दोन तास आधी धक्क्यावर उभं राहा, पक्षी आपण होऊन जवळ येतात. उतरत्या पाण्यालाही तसाच एक सुरेख तास मिळतो.

मग चिखल पूर्ण बुडाला की हेच पक्षी जातात कुठे? मिठागरं, पाणथळी, नेरूळचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागचा भाग, उरणचं पाणजे, अशा उथळ पाण्याच्या जागी. तिथे ते भरती उतरेपर्यंत एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात. म्हणजे भर भरतीला शिवडीत काही नाही आणि पाणज्यात जत्रा. ओहोटीला पाणज्यात काही नाही, पक्षी खाडीच्या चिखलात. ‘कुठलं ठिकाण चांगलं’ याचं उत्तर दर सहा तासांनी बदलतं.

---

करंजा_बंदर | २१ जानेवारी, सकाळी ६:५०

शेकाट्यांनी बरोबर सांगितलं. वेळ काढायला मोबाईलही लागत नाही. आमच्या कोळीवाड्यात लहान पोरालाही हे गणित येतं: तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचा पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. द्वादशीला नऊ. पंधरावड्याची पहिली तिथी असेल तर पाऊण तास, म्हणजे पाऊण वाजता. सकाळी एकदा आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा. थोडंफार मागेपुढे होतं, पण धंद्याला पुरतं.

आता तुमचे दोन रविवार बघू. येता रविवार रथसप्तमीचा. सातचा पाऊणपट सव्वापाच. म्हणजे भरती पहाटे अंधारात होऊन जाणार आणि तुम्ही पोचाल तेव्हा पाणी उतरत असणार. शिवाय सप्तमी-अष्टमी म्हणजे भांग. भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, पाखरं विखुरलेली राहतात. त्याच्या पुढचा रविवार माघी पौर्णिमा. पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा, आणि उधाणाचं पाणी. त्या दिवशी जा.

---

पमा_गिरगाव | २१ जानेवारी, सकाळी ८:१५

पंचांग काढून पक्षी बघायला जायचं! माझ्या सासूबाई आता या छंदाला पूर्ण पाठिंबा देतील :)

---

मुलुंडकर | २१ जानेवारी, सकाळी ९:०५

करंजा_बंदर, गणित मान्य. पण म्हणूनच मी ऐरोली म्हणतोय. बोटीच्या फेऱ्यांच्या वेळा ते भरती-ओहोटीनुसारच ठरवतात, रोज बदलतात. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने कशाला डोकं चालवायचं? आणि शिवडीत आता राहिलंय काय? अटल सेतूचं काम सुरू झालं तेव्हापासून तिथली मजा गेली. पूर्वी धक्क्यावर उभं राहिलं की गुलाबी चादर पसरलेली दिसायची.

---

तिवर | २१ जानेवारी, सकाळी ११:३०

मुलुंडकर, शिवडीची गर्दी पांगली हे खरं. बरेच थवे खाडीत वर, भांडुप-ऐरोली-वाशीकडे आणि नेरूळच्या तलावांकडे सरकले. पण शिवडी संपलेली नाही. फ्लेमिंगोंसाठी तिथे गेलात तर कधी हाती लागेल कधी नाही, पण बाकीच्या चिखलपक्ष्यांसाठी मी आजही मुंबईत शिवडीचंच नाव घेईन.

आणि सगळा दोष एका पुलावर ढकलून चालत नाही. खाडी गाळाने उथळ होत चालली आहे. गाळ साचला की त्यावर तिवर रुजते, आणि उघड्या चिखलाचं कांदळवन होतं. कांदळवन हवंच, किनारा तेच धरून ठेवतं. पण फ्लेमिंगो, तुताऱ्या, पाणटिवळे या पक्ष्यांना झाडांत उतरता येत नाही, त्यांना मोकळा चिखलच लागतो. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं तेव्हा त्यात कांदळवन आणि त्यालगतचं खाडीचं पाणी दोन्ही धरलं होतं, ते शहाणपणाचं होतं. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. पण ज्या पाणथळींवर पक्षी भरतीला टेकतात त्यांतल्या बऱ्याच या हद्दीच्या बाहेर आहेत. पाणज्याचा प्रश्न हाच आहे. आत येणारं भरतीचं पाणी अडलं की ती जागा वाळते, आणि वाळली की कोणीतरी म्हणणारच की ही तर पडीक जमीन.

---

अक्षय_कळवा | २१ जानेवारी, दुपारी १:१०

माझा एक प्राथमिक प्रश्न. ठाणे खाडी इतकी घाण, मग फ्लेमिंगो तिथेच का येतात? सांडपाण्यामुळे येतात असं वाचलं होतं. म्हणजे घाण चांगली म्हणायची?

---

तिवर | २१ जानेवारी, दुपारी २:४५

अक्षय, अर्धं खरं आहे. सांडपाण्यातून नायट्रोजन, फॉस्फरस येतं, त्यावर नीलहरित शेवाळ फोफावतं, आणि धाकट्या रोहिताचं, म्हणजे फ्लेमिंगोंच्या लहान जातीचं, मुख्य अन्न तेच. नव्वदच्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने यायला लागले, त्यामागे हे एक कारण मानतात. पण त्याच पाण्यातून कारखान्यांचे जड धातूही उतरतात आणि चिखलात साठत जातात. पक्षी खातो तो चिखल गाळूनच. पोषक द्रव्यं जास्त झाली की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे आणि कोळंबी मरते. त्यामुळे घाणीला श्रेय देऊ नका. खाडी आधीपासूनच उथळ, खारी आणि चिखलाची होती, म्हणून ते इथे तग धरून आहेत.

---

शेकाट्या | २१ जानेवारी, रात्री १०:०५

चाफाताई, लेकीला नुसतं ‘ते बघ फ्लेमिंगो’ म्हणू नका. दोन जातींतला फरक तिला शोधू द्या. मोठा रोहित उंच, चार फुटांच्या वर, अंगाने बराचसा पांढरा, चोच फिकट गुलाबी आणि टोक काळं. धाकटा रोहित तीन फुटांच्या आतबाहेर, रंगाने गडद, आणि चोच इतकी गर्द किरमिजी की लांबून काळीच वाटते. थव्यात मळकट राखाडी दिसतील ती पिल्लं. रंग अन्नातून मिळतो आणि अंगावर चढायला दोन-तीन वर्षं लागतात.

खाताना दोघांचंही डोकं उलटं, चोचीचा वरचा भाग खाली. धाकटा पाण्याच्या वरच्या थरातलं शेवाळ गाळतो, मोठा तळ ढवळून किडे, शिंपले, कोळंबी वेचतो. मोठा रोहित एका जागी पाय नाचवत गोल फिरतो. पाणी उतरल्यावर नीट बघा, चिखलात त्याच्या नाचण्याची गोल रिंगणं उरलेली असतात. दुर्बिणीतून छान दिसतात.

आणि फ्लेमिंगो बघून झाले की लगेच घरी पळू नका, ही कळकळीची विनंती. पायाशी वाटाण्यासारखे तुरुतुरु पळणारे टिलवे दिसतील, एकेकाचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम. ते उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून उडत आलेले असतात. शिवडीच्या ट्रकांच्या धुरात उभं राहून तो जीव समोर दिसतो तेव्हा माझे तरी डोळे भरून येतात.

---

पमा_गिरगाव | २१ जानेवारी, रात्री १०:३०

शेकाट्या, शेवटचा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवला. आता आमच्याकडेही दोघे तयार झालेत.

---

करंजा_बंदर | २२ जानेवारी, सकाळी ७:१०

चिखलात निवट्यासुद्धा दाखवा पोरीला. मासा असून चिखलावर चालतो, दोन डोळे डोक्यावर, पंख ताठ करून भांडतो. तिला फ्लेमिंगोपेक्षा तोच आवडेल बघा. (आम्हाला तो रश्श्यातही आवडतो.)

---

निशिगंध | २२ जानेवारी, सकाळी ९:२०

अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींवर लोक कुरवांना (सीगल पक्ष्यांना) गाठ्या, वेफर्स टाकतात. पक्षी हवेत झेलतात, लोक व्हिडिओ काढतात, बोटीवरच पाकिटं विकायला असतात. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांवरून आलेले. त्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगात माशांची चरबी हवी, मीठ-तेलातलं बेसन नको. मुलं सोबत असली तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा, ती मोठ्यांपेक्षा लवकर ऐकतात.

---

लेन्सवाला_सुमित | २२ जानेवारी, दुपारी १२:०५

यात भर घालतो. मी फोटो काढतो आणि माझ्याच बिरादरीबद्दल बोलतोय. उडता थवा हवा म्हणून टाळ्या वाजवणं, दगड भिरकावणं, ड्रोन सोडणं हे डोळ्यांनी पाहिलंय. पक्ष्याला खायला भरती-ओहोटीच्या मधले मोजके तास मिळतात. त्यात दर वीस मिनिटांनी उडायला लागलं तर त्याने मार्च-एप्रिलच्या प्रवासासाठी शिदोरी बांधायची कधी? कोणी असं करताना दिसलं तर तिथल्या तिथे टोका. मी टोकतो, भांडणंही झाली आहेत.

थवा स्वतःहून उडायला हवा असेल तर थांबा. दलदलीवरून घिरट्या घालणारा भोवत्या हा शिकारी पक्षी आला की सगळे टिलवे एकदम उठतात, वळताना पांढरे होतात, पुन्हा वळताना दिसेनासे होतात. त्या क्षणासाठी तासभर थांबायची तयारी ठेवा.

---

मुलुंडकर | २२ जानेवारी, दुपारी १२:४०

सुमित, शंभर टक्के. मे २०२४ मध्ये घाटकोपरला रात्री उतरणाऱ्या विमानाला धडकून ३९ फ्लेमिंगो मेले. आमच्या ओळखीतले लोक सकाळी इमारतींच्या मधून ते गुलाबी पंख गोळा होताना बघत होते. रात्री एवढा थवा तिथून का उडाला, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. नेरूळच्या तलावांवर त्यांना टेकू दिलं जात नाही, हा मुद्दा तेव्हाही निघाला होता. एकेका पाणथळीचं मोल अशा वेळी कळतं.

---

वसुधा_आजी | २२ जानेवारी, सायंकाळी ५:३०

दुर्बिणीचं कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, घ्या. दहापटीची घेऊ नका, लहान हातात आणि म्हाताऱ्या हातात ती थरथरते. पण आत्ता लगेच विकत घेऊच नका. बीएनएचएसची (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची) पक्षीनिरीक्षण शिबिरं असतात, तिथे कोणाची तरी वापरून बघा. शिवडीला रविवारी हमखास कोणीतरी स्टँडवर मोठी दुर्बीण लावून उभं असतं. ‘पोरीला जरा बघू देता का’ म्हटलं की नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

कपडे मातकट रंगाचे, टोपी, पाणी, आणि आजोबांसाठी घडीचं स्टूल. स्टूल विसरू नका.

---

चाफा_दादर | २३ जानेवारी, रात्री ८:५०

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! घरी सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सासरे मूळचे श्रीवर्धनचे. करंजा_बंदर यांचं पाऊणपटाचं गणित ऐकताच म्हणाले, हे तर माझ्या आजोबांचं! लेकीने भिंतीवरच्या कालनिर्णयावर महिनाभराच्या भरतीच्या वेळा पेन्सिलीने लिहून काढल्या आहेत.

ठरलं: माघी पौर्णिमा. सकाळी शिवडी. पण भर भरतीला पाणज्याला जायचं का? लोकलने जमेल?

---

शेकाट्या | २३ जानेवारी, रात्री ९:३०

जमेल. सव्वाआठपर्यंत शिवडी स्टेशन. पूर्वेला उतरा, धक्क्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, ट्रकची वर्दळ असते म्हणून आजोबांसाठी सरळ टॅक्सी करा. साडेआठ ते दहा तिथे. पाणी काठाला लागलं की निघा. हार्बरनेच नेरूळ, तिथून उरणची लोकल. जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत जाते. गाड्या मोजक्याच आहेत, वेळापत्रक बघूनच शिवडी सोडा. पुढे रिक्षा. पाणज्याला आत शिरू नका, रस्त्याच्या कडेने जेवढं दिसतं तेवढं पुष्कळ आहे, आणि सध्या पाणी आहे का ते आदल्या दिवशी करंजा_बंदर यांना विचारा.

---

करंजा_बंदर | ३१ जानेवारी, सकाळी ७:०५

पाणी आहे. काल शेकाटे, चित्रबलाक, चमचे हे पक्षी बघितले. फ्लेमिंगो कमी.

---

चाफा_दादर | १ फेब्रुवारी, रात्री ९:४५

जाऊन आलो! सविस्तर लिहितेच.

शिवडीला साडेआठला पोचलो तेव्हा पाणी लांब होतं आणि फ्लेमिंगोही लांब, शे-दीडशेचा एक थवा. लेकीचं तोंड एवढंसं झालं. सासरे म्हणाले, थांब, पाणी येऊ दे. स्टुलावर बसून राहिले. पुढच्या तासाभरात खरंच चिखल आखडत गेला आणि थवा पावलापावलाने आमच्याकडे सरकला. वसुधाआजी, तुम्ही म्हणालात तसे एक गृहस्थ स्टँडवर दुर्बीण लावून होते, त्यांनी स्वतःहून तिला बोलावलं. मोठे आणि धाकटे तिने आपले आपण ओळखले.

पण खरी गंमत पुढे. धक्क्याच्या अगदी जवळ पाणटिवळ्यांचा थवा चरत होता. एक पक्षी एवढा जवळ की साध्या डोळ्यांनी दिसत होता. सगळी लांब चोच, अगदी डोळ्यांपर्यंत, चिखलात खुपसली, दोन-चारदा शिवणयंत्रासारखी वरखाली केली, मग थांबला, आणि हळूच एक लालसर अळी ओढून काढली. अळी अर्धी बाहेर आली तोवर शेजारच्याने पळवली! लेक मोठ्याने ओरडली, ‘अरे, त्याची होती ना ती!’ धक्क्यावरचे सगळे हसले. त्या गृहस्थांनी सांगितलं की हा पक्षी चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडू शकतो, म्हणून चिखलाच्या आतच भक्ष्य पकडता येतं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

उरणची गाडी थोडक्यात चुकली, नेरूळला पाऊण तास बसलो, डबा तिथेच खाल्ला. पाणज्याला पोचायला दीड वाजून गेला. चित्रबलाक पाहिले, शेकाटे पाहिले, एक कैकर, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, पायात मासा धरून डोक्यावरून गेला. सासऱ्यांना ते सर्वांत आवडलं. पण एका बाजूला जमीन कोरडी पडून भेगाळलेली दिसली. लेकीने विचारलं, भरती इथे का नाही आली? तिवर यांनी लिहिलेलं तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग ते पाणी कोणी सोडवत का नाही? याचं उत्तर कोणाकडे मागायचं, ते सांगा. मी खरंच विचारतेय.

---

तिवर | १ फेब्रुवारी, रात्री १०:५०

तुमच्या लेकीला शाबासकी. पाणथळ बुजवली जातेय किंवा पाणी अडवलंय असं दिसलं तर तारीख, वेळ आणि ठिकाणासह फोटो काढा. जिल्हाधिकारी कार्यालय आणि कांदळवन कक्ष, दोघांना लेखी कळवा आणि पोच घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं आणि पाणथळींबाबत स्पष्ट आदेश दिलेले आहेत, त्यामुळे लेखी तक्रारीला वजन असतं. दुसरं, आज जे पाहिलंत त्याची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यातही पुढच्या वर्षी या. इथे अमुक पक्षी होते हे आकड्यांत नोंदलेलं असलं की जागेला पडीक म्हणणं अवघड जातं.

---

मुलुंडकर | २ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

वा! वृत्तांत झकास. आता मार्चमध्ये ऐरोलीची बोट करा, तोवर फ्लेमिंगोंची संख्या चढलेली असेल. माझं मत अजून तेच आहे :)

---

पमा_गिरगाव | २ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

आम्हाला पुढच्या उधाणाला जायचंय. १५ फेब्रुवारीचा रविवार कसा आहे?

---

करंजा_बंदर | २ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

महाशिवरात्र. वद्य चतुर्दशी, म्हणजे साडेदहा. शिवडीला साडेसातला उभे राहा.

---

शेकाट्या | २ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

मी असेन तिथे, स्टँड आणि दुर्बीण घेऊन. चाफाताई, लेकीला पाठवा. तिला कैकर आणि घार यांतला फरक दाखवायचा राहिलाय.